सात सोडणं आणि वाकलेला क्लच

मोटरसायकलच्या चाचणीत मांडलेले दोन कोन, म्हणजे रस्त्यावर ठेवतात ते शंकू, मी नीट ओलांडले होते. गाडी उजवीकडे वळत होती आणि तिसरा कोन मला वाटलं होतं त्याच्या आधीच चाकासमोर आला. मी घाबरले आणि डावी मूठ पूर्ण आवळली. त्या क्षणी गाडीतला जोरच निघून गेला. ती उजवीकडे कलंडायला लागली आणि तिला धरायला माझा उजवा पाय जमिनीवर टेकला. कडेला उभ्या असलेल्या साहेबांनी कागदावर खूण केली आणि शांतपणे सांगितलं, "बाई, सात दिवस झाल्यावर परत तारीख घ्या."

मोटरसायकलच्या परवान्याची ही माझी पहिली चाचणी, मे महिन्याच्या मध्यावर झालेली. कोनांमधून नागमोडी गाडी काढायची, पाय टेकायचा नाही, कोनाला लागायचं नाही. आमच्याकडे याला झिगझॅग म्हणतात, कोणी नुसतं 'साप' म्हणतात. इंटरनेटवर शोधायचं असेल तर स्लॅलम. कुठे कोनांची रांग असते, कुठे आठचा आकडा काढायला लावतात. मागतात ते एकच: गाडी हळू चालत असतानाही तुमच्या ताब्यात आहे का?

मी गोव्यात साखळीला राहते आणि एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. रोज दुपारनंतर साखळीची दुकानं, मग होंडा गाव, आठवड्यातून तीन दिवस वाळपईकडचे वाडे. पंधरा वर्षं हे काम मी बिनगिअरच्या स्कूटरवर केलं. पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातले आतले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, स्कूटरचं लहान चाक खड्ड्यात जातं आणि अडकतं. मोटरसायकलचं १८ इंची चाक तोच खड्डा ओलांडून जातं. घरात नवऱ्याची १०० सीसीची मोटरसायकल होती. तो जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने गाडी ताडपत्रीखाली उभी. मागच्या पावसात स्कूटर दोनदा घसरल्यावर मी ठरवलं की हीच गाडी शिकायची, आणि नीट परवाना काढूनच चालवायची. माझ्या परवान्यावर फक्त बिनगिअरच्या गाडीचा वर्ग होता. गिअरच्या गाडीसाठी वेगळा शिकाऊ परवाना काढावा लागतो. तो सहा महिने चालतो आणि ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला तो काढला, पुढे-मागे पांढऱ्या चौकोनावर लाल 'एल' लावला.

पहिल्या चाचणीआधी मी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठ दिवस गेले होते. तिथे मला सरळ रस्त्यावर गिअर बदलायला शिकवलं, आणि झिगझॅगबद्दल इतकंच सांगितलं, "दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि झटकन काढा." चाचणीत मी तसंच करायला गेले. तिथेच एक ओळखीचा भेटला. तो म्हणाला, "वहिनी, एवढं कशाला मनाला लावून घेता, कोणाला तरी सांगून होतं हे काम." मी त्याला नको म्हटलं. लोकांच्या घामाचे पैसे पिशवीत घेऊन मी रस्त्याने फिरते. मला गाडी येत नसताना ती येते असा कागद मला नको होता.

घरी येऊन म्हापशाला मामाला फोन केला. माझा मामा तीस वर्षांहून जास्त म्हापशाच्या बसस्टँडवर पायलट होता. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे मोटरसायकलची टॅक्सी असते आणि ती चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. पुढचा मडगार्ड पिवळा असतो, त्यावरून लांबूनच ओळखू येतो. इतर शहरांत मोबाइलवरून बाईक बोलवायची सोय हल्ली झाली. गोव्यात त्याच्या कितीतरी आधीपासून पायलट आहेत. मामा शुक्रवारच्या बाजारात, जिथे माणसाला चालायला वाट मिळत नाही तिथून, मागे गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाच्या मांडीवर सामानाची पिशवी घेऊन पाय न टेकता गाडी काढायचा. आता गुडघे दुखतात म्हणून त्याने धंदा सोडला आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "बाय, पाय टेकलास त्याच्या आधी तुजी नदर खंय आशिल्ली?"

माझी नजर कोनावर होती. आणि डाव्या हाताने मी काय केलं, हेही त्याने फोनवरच ओळखलं. स्कूटरला डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. पंधरा वर्षं घाबरल्याबरोबर मी डावी मूठ आवळत आले, आणि त्यानेच मला वाचवलं आहे. मोटरसायकलला त्याच जागी क्लच असतो. तो पूर्ण आवळला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो. सरळ रस्त्यावर त्याने बिघडत नाही. पण वळणात, गाडी कललेली असताना, तिला उभं धरून ठेवतो तो चाकाला मिळणारा जोरच. तो काढून घेतला की गाडी कललेल्या बाजूला पडते. स्कूटरवरून मोटरसायकलवर येणाऱ्या सगळ्यांना मी हे पहिल्यांदा सांगेन. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला कोणी विचारलंसुद्धा नाही की आधी काय चालवत होता.

सरावाला जागा मिळाली ती आमच्या शेजाऱ्यांचा ट्रकांचा तळ. त्यांचे तीन ट्रक खनिज वाहायचे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये काही वर्षं चालल्या, २०१८च्या मार्चमध्ये परत थांबल्या. दोन ट्रक विकले गेले, एक विटांवर उभा आहे. त्यांचा तळ मोठा, सपाट, चहूबाजूंनी चिऱ्याची गडगी आणि जमिनीवर पीठ चाळून टाकावं तशी बारीक लाल धूळ. शेजारच्या काकांनी फाटकाची चावीच दिली. "ट्रक फिरायचे तेव्हा बाईमाणसाला आत यायची भीती वाटायची," ते म्हणाले, "आता तू तरी फिरव गाडी."

मामा पहिल्या दिवशी बसने आला आणि त्याने आधी गाडी पाहिली. क्लचची लिव्हर बोटाने हलवून बघितली. ती सैल होती, म्हणजे बराच भाग मोकळाच ओढला जायचा आणि अगदी शेवटी शेवटी काम सुरू व्हायचं. त्याने केबलचा स्क्रू फिरवून लिव्हरच्या टोकाला अंदाजे दीड सेंटीमीटर मोकळं ठेवलं. चेन तपासली. चेन लोंबत असली तर हळू चालताना रेस देताक्षणी हिसका बसतो. मग दोन्ही चाकांची हवा. अर्धा तास यात गेला. मला वाटत होतं, कधी एकदा कोन मांडतो. पण त्या दिवशी त्याने काहीच मांडलं नाही.

मला गाडीवर बसवलं, दोन्ही पाय जमिनीवर, पहिला गिअर, क्लच आवळलेला. "आता रेस देऊ नको. क्लच सोड, पण सवकास. गाडी उचलते तिथे थांब." मी बोटं ढिली करत गेले. बराच वेळ काही होत नाही. मग एका जागी इंजिनचा आवाज किंचित जड होतो, जसं डोक्यावर ओझं घेतल्यावर माणसाचा आवाज जड होतो. मागची सीट अगदी थोडी खाली बसते. आणि गाडी आपण न सांगता बोटभर पुढे येते. पुन्हा क्लच आवळायचा, पायांनी गाडी मागे घ्यायची, पुन्हा सोडायचा. मामाने हे पन्नास-साठ वेळा करायला लावलं. शेवटी शेवटी माझ्या बोटांना ती जागा डोळे मिटूनही सापडायला लागली. मेकॅनिक ज्याला हाफ क्लच म्हणतात ते हेच. तो एक बिंदू नसतो, लिव्हरच्या प्रवासातला एखादा सेंटीमीटर असतो, आणि नागमोडी चालवण्याचं सगळं काम त्या एका सेंटीमीटरच्या आत होतं. थोडं सोडलं की जोर वाढतो, थोडं ओढलं की कमी होतो. पूर्ण आवळायचं कधीच नाही.

दुसरी गोष्ट उजव्या पायाची. मागचा ब्रेक पायाने हलका दाबून ठेवायचा, रेस एकसारखी थोडीशी ठेवायची, आणि वेग क्लचने ठरवायचा. तिन्ही एकाच वेळी. ऐकायला उलटं वाटतं, एकीकडे गाडीला पुढे ढकलायचं आणि दुसरीकडे धरायचं. पण मागून हलकी ओढ असली की चेन ताणलेली राहते, गाडी झटके देत नाही, नदीत दोर धरलेल्या होडीसारखी सरकत राहते. पुढच्या ब्रेकवरची बोटं मामाने काढायला लावली. "तो या मैदानात नाहीच असं समज," तो म्हणाला. का, ते मला आठवड्याभरात कळलं.

तळात ट्रक धुवायला केलेल्या दोन सिमेंटच्या पट्ट्या होत्या, जमिनीला लागून. नवऱ्याने जहाजावरून एक व्हिडिओ पाठवला होता, जपानमधल्या परवान्याच्या चाचणीचा. तिथे स्लॅलम असतोच, शिवाय १५ मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद अशा पट्टीवरून गाडी न्यायची असते. मधल्या गटातल्या मोटरसायकलींना ती पट्टी ओलांडायला निदान सात सेकंद लागले पाहिजेत. लवकर पोचलं तर गुण कापतात. मला हे वाचून फार बरं वाटलं. कुठल्या तरी देशाने मान्य केलं आहे की हळू चालवणं हेच अवघड आहे. हिशेब केला, १५ मीटरला सात सेकंद म्हणजे ताशी पावणेआठ किलोमीटर, चालणाऱ्या माणसापेक्षा जरा जास्त. मी सिमेंटवर खडूने ३० सेंटीमीटरच्या दोन रेघा ओढल्या आणि मामाला आकडे मोजायला सांगितलं. पहिल्या दिवशी मी चार आकड्यांत पार झाले किंवा रेघेबाहेर गेले. पाचव्या दिवशी आठ झाले. मामा स्वतः एकदा बसला, गुडघ्याला हात लावत, आणि त्याने त्याच पट्टीवर वीस आकडे काढले. गाडी जवळजवळ उभी होती. फक्त हँडल अगदी बारीक डावीकडे-उजवीकडे हलत होतं. ते पाहिल्यावर मला समजलं की तोल हा धरून ठेवायचा नसतो, तो सारखा जात असतो आणि हँडल सारखं त्याच्या मागे जात असतं. गाडी डावीकडे पडायला लागली की हँडल किंचित डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे.

मग सोडणं आली. मामीने घरातल्या नारळाची सात सोडणं, म्हणजे नारळ सोलल्यावर उरणारी जाड सालं, पोत्यात घालून पाठवली होती. कोन विकत घ्यायची गरज नाही. चिरे किंवा विटा तर कधीच ठेवू नयेत. चाक चिऱ्यावर चढलं तर माणूस पडतोच, आणि पडला तर तोच चिरा लागतो. सोडणावरून चाक गेलं तर ते दबतं आणि उडून बाजूला पडतं. मामाने ती उपडी मांडली, आधी साडेपाच मीटरवर एक अशी. ते सोपं गेलं. मग साडेचारवर आणली. शेवटी साडेतीनवर. चाचणीच्या मैदानात होती त्यापेक्षा अंतर मुद्दाम कमी ठेवलं होतं.

साडेचारवर मी अडकले. पुढचं चाक सोडणापासून हातभर लांबून जायचं आणि तरी मागचं चाक त्याला चिरडायचं. मला काही समजेना. मामाने हिराचा खराटा आणला, सगळी वाट स्वच्छ झाडून घेतली, जमिनीवरची धूळ सारखी केली आणि म्हणाला, "आता एकदाच जा. मग उतर आणि बघ." मी गेले, उतरले, बघितलं. धुळीत चाकांचे दोन पट्टे उठले होते. सरळ जागी ते एकमेकांवर होते, वळणात वेगळे झालेले. पुढच्या चाकाचा बाहेरून, मोठा गोल घेऊन गेलेला. मागच्या चाकाचा आतून, सोडणाच्या बाजूला. मधलं अंतर वीतभर. बैलगाडीची, ट्रकची मागची चाकं आत घेतात हे लहानपणापासून पाहिलं होतं, पण दोन चाकांची गाडीही तेच करते हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक फेरीनंतर मी उतरून पट्टे वाचायचे. कुठे पट्टा जाड झाला तिथे ब्रेक जास्त दाबला होता. कुठे तो थरथरल्यासारखा दिसला तिथे मी हँडल घट्ट धरलं होतं. ज्यांना धुळीची जमीन मिळते त्यांनी ही सोय सोडू नये. शिकवणारा जवळ नसला तरी जमीन सांगते.

पट्ट्यांनीच आणखी एक दाखवलं. माझं डावं वळण गोल यायचं आणि उजवं वळण कोनात मोडलेलं. मामा पुढे उभा राहून माझ्या हातांकडे बघत राहिला. उजवीकडे हँडल वळवलं की उजवी मूठ पोटाकडे येते, मनगट दुमडतं आणि नकळत रेस कमी-जास्त होते. त्याने मला मूठ वरून न धरता थोडी बाजूने, बाटलीचं बूच फिरवतो तशी धरायला लावली, कोपर ढिलं, आणि गुडघे टाकीला चिकटवलेले. गुडघ्यांनी गाडी धरली की हातांना तिला धरावं लागत नाही. मग हात फक्त वळवायचं काम करतात.

आणि अंग. मी गाडीबरोबर कलत होते, जोरात चालणाऱ्या गाडीवर कलतो तशी. मामाने विचारलं, "विहिरीवरून कळशी कमरेवर आणायचीस ना? डाव्या कमरेवर कळशी असली की तू कुठे वाकायचीस?" उजवीकडे. कळशी एका बाजूला, अंग दुसऱ्या बाजूला, आणि पाणी सांडत नाही. "मग हेंय तशेंच. गाडी कळशी. ती डावीकडे जाऊ दे, तू सरळ राहा." आईच्या घरी रोज चार खेपा करताना हे अंगात भरलेलं होतं. फक्त ते इथे वापरायचं आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सातही सोडणं न लागता पार केली.

नजरेचा धडा मात्र सगळ्यात हट्टी निघाला. "फुडें पळय!" हे दोन शब्द मामाने त्या पंधरा दिवसांत किती वेळा ओरडून म्हटले याची मोजदाद नाही. सोडणाकडे बघितलं की गाडी सोडणाकडे जाते. पहिलं सोडण चाकाच्या बाजूला आलं की ते संपलं असं धरायचं, आणि मान वळवून दुसऱ्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेकडे बघायचं. डोळे नव्हे, मान. हनुवटी तिकडे गेली की खांदे जातात, खांद्यांमागून हात, हातांमागून गाडी. त्याने यासाठी गडगीवर माझा लाल रुमाल आणि त्याची टोपी अशी दोन ठिकाणी ठेवली आणि फेरीभर मोठ्याने म्हणायला लावलं, "रुमाल, टोपी, रुमाल, टोपी." शेजारची पोरं गडगीवर बसून तीही म्हणायला लागली. त्यांच्या तालावर मी चालवत राहिले. बाजारात त्याने हेच केलं होतं. तो म्हणाला, "मी माणसांकडे बघायचो नाही, बाय. दोन माणसांच्या मधल्या जागेकडे बघायचो."

पडले ते मेच्या शेवटच्या आठवड्यात. अंतर साडेतीन मीटर, पाचवं सोडण, हँडल डावीकडे पूर्ण वळलेलं. काकांचं कुत्रं फाटकातून आत आलं आणि मी पुढचा ब्रेक धरला. नुसती दोन बोटं, फार जोरातही नाही. पुढचं चाक वळलेलं असताना ब्रेक लागला की गाडीचं सगळं वजन त्या बाजूच्या कोपऱ्यावर येतं, आणि हळू चालणाऱ्या गाडीला सावरायला वेळच नसतो. मी डाव्या अंगावर पडले. हेल्मेट होतं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट. कोपर सोलवटलं, ढोपराला मुका मार बसला. गाडीचा फूटरेस्ट थोडा मागे गेला आणि क्लचची लिव्हर टोकाशी आत वाकली.

मामाने आधी मला पाणी दिलं, हात-पाय हलवून बघितले, मग गाडीकडे गेला. ती उचलायची कशी तेही तेव्हाच शिकवलं: हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने सीटखालचा दांडा धरायचा, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठायचं. शंभर किलोच्या वरची गाडी, मी एकटीने उभी केली. गाडी उजवीकडे पडली असेल तर स्टँड आधी काढून ठेवायचा, नाहीतर उचलताना ती पलीकडच्या बाजूला पडते. हे प्रत्येक बाईला शिकवायला हवं. गाडी पडली तर उचलायला कोण येईल, या भीतीनेच कितीजणी मोटरसायकलला हात लावत नाहीत. माझ्याच ओळखीत तिघी आहेत.

लिव्हर बदलायला मी दुसऱ्या दिवशी गॅरेजला जाणार होते. मामाने वाकलेल्या टोकावर माझी बोटं ठेवून पाहिली. वाकल्यामुळे ती मुठीच्या जवळ आली होती. माझा हात लहान, आधी मला ती पकडायला बोटं ताणावी लागायची. आता मधली दोन बोटं आपोआप तिच्यावर बसत होती. चीर गेलेली नाही ना, हे त्याने प्रकाशात धरून नीट बघितलं. मग तिच्या मापाने केबल पुन्हा लावून दिली आणि म्हणाला, "चाचणी होईपर्यंत राहू दे."

मिरगाचा पाऊस लागला तशी धूळ गेली, तळाचा चिखल झाला. आम्ही सरावाची जागा सिमेंटच्या पट्ट्यांपाशी आणि ट्रकच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. शेडमध्ये चारच सोडणं बसायची. ती पावसाने भिजून जड झाली होती आणि त्यांना वास यायला लागला होता. रोज चाळीस मिनिटांच्या वर मी चालवत नव्हते. त्याच्या पुढे डाव्या हाताची बोटं दमतात आणि दमलेली बोटं पुन्हा जुन्या सवयीने पूर्ण आवळतात. ओल्या सिमेंटवर मामाने एकच नवीन गोष्ट सांगितली: काहीही अचानक करायचं नाही. रेस, ब्रेक, क्लच, सगळं धुळीत करायचीस तेच, फक्त आणखी मऊ. त्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी शेडमध्येच होते. त्याने पत्र्यावरचा पाऊस ऐकला आणि विचारलं, "एवढ्या पावसात कशाला?" मी म्हटलं, चाचणीच्या दिवशी पाऊस नसेल असं कोणी सांगावं.

दुसरी चाचणी जूनच्या शेवटी. पाऊस होताच. आम्ही चौदा-पंधरा जण शेडखाली उभे होतो, बहुतेक कॉलेजची मुलं. माझ्यापुढचा मुलगा फार छान गाडी चालवत आला आणि कोनांत जोरात शिरून तिसऱ्याला उडवून गेला. त्याचा चेहरा पाहून मला माझा मेमधला दिवस आठवला. त्याला हळू जायला कोणी शिकवलं असेल का, हे मनात आलं. विचारायला वेळ नव्हता, माझं नाव पुकारलं.

गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि निघायच्या आधी एकदा बोटांनी ती जागा शोधली. आवाज जड झाला, सीट बसली. उजवा पाय ब्रेकवर टेकवला. पहिल्या कोनाकडे बघितलंच नाही, त्याच्या उजवीकडच्या ओल्या जागेकडे बघितलं. मग मान डावीकडे. गाडी कळशीसारखी एका बाजूला गेली, मी सरळ. दुसरा कोन कधी गेला ते कळलं नाही. तिसरा आला. तिथे पोटात एकदा खड्डा पडला आणि डावी बोटं आवळायला निघाली, हे मला स्पष्ट जाणवलं. ती अर्ध्यावर थांबली. गाडी किंचित मंदावली, डोलली, मी बोटं केसभर सोडली आणि तिने पुन्हा उचल घेतली. मैदानाच्या पलीकडे कुंपणावर कोणाचा तरी निळा रेनकोट वाळत घातल्यासारखा भिजत होता. मी मनात म्हणत होते, रेनकोट, खांब, रेनकोट, खांब. शेवटचा कोन मागे गेल्यावर साहेबांनी हाताने पुढे जाऊन सिग्नल देऊन वळून यायला सांगितलं. ते झालं. थांबल्यावर त्यांनी माझं वय कागदावर बघितलं आणि विचारलं, "सराव कुठे केलात?" मी म्हटलं, "ट्रकांच्या तळावर." त्यांनी सही केली.

मामाला तिथूनच फोन लावला. "पाय?" त्याने विचारलं. "टेकला नाही." "बरें जालें," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

जुलैपासून मी पिग्मीला मोटरसायकलने जाते. वाळपईच्या बाजूला एका वाड्यावर जाताना उतारावर रस्त्याची निम्मी कड पावसाने वाहून गेली आहे, मधोमध खड्डे, आणि समोरून कदंबची, म्हणजे आमची सरकारी, बस आली की दोघांना मिळून एका गाडीची वाट उरते. तिथे मी रोज पहिल्या गिअरमध्ये येते, दोन खड्ड्यांमधल्या जागेकडे बघत. चवथीला नवरा घरी आला, गाडी पुसायला बसला आणि त्याला लिव्हर दिसली. "ही वाकली आहे, उद्या नवी टाकून आणतो," म्हणाला. मी त्याला राहू दे म्हटलं. त्याने तिच्यावर बोटं ठेवून बघितली. त्याच्या हाताला ती बसत नव्हती.